हशाच्या आधीचे वाक्य

“हे कोण म्हणालं, ताई?”

न्यायालयातून बदलून आली म्हणून जिला सगळे कोर्टवाली म्हणत, तिने वहीच्या पानावर बोट ठेवले होते. प्रतिवेदकांच्या खोलीत त्या दोघीच होत्या. दुपारचे तीन वाजले होते आणि सकाळच्या बैठकीचा मजकूर टंकून पाचच्या आत वर पाठवायचा होता.

ताईंनी चष्मा नाकावर ढकलला. वही त्यांची होती, लघुलिपीतल्या रेघाही त्यांच्याच होत्या. साडेअकराला त्यांची पाळी संपली त्या ठिकाणी, शेवटच्या ओळीखाली, एक ओळ जास्तीची होती. ‘अध्यक्ष महोदय, परिशिष्ट नऊला’. वाक्य तिथेच तुटले होते.

“चुकून लिहिलं असेल मी,” ताई म्हणाल्या.

“तुम्ही?” कोर्टवाली हसली. “आणि ‘महोदय’ कोण म्हणेल हो? या समितीत अध्यक्ष बाई आहेत.”

ताई हसल्या नाहीत. एकतीस वर्षे सभागृहात आणि समित्यांमध्ये लोक जे बोलले ते त्यांनी लघुलिपीत उतरवून घेतले होते. मंत्री आले आणि गेले, पक्ष फुटले आणि पुन्हा चिकटले, पण ताईंच्या वहीत शब्द सुटला असे कोणी म्हणाले नव्हते. त्यांचा एखादा काना राहिला असता तरी कचेरीत दिवसभर तोच विषय झाला असता. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि त्या शेवटच्या दिवसापर्यंत हे असेच चालेल याची सगळ्यांना खात्री होती.

दोघींनी ध्वनिमुद्रण लावून पाहिले. आठव्या परिशिष्टाची चर्चा संपली. एक खुर्ची सरकली, कोणीतरी खोकले, आणि पुढे कोर्टवालीच्या पाळीतला मजकूर सुरू झाला. मध्ये कोणी काही बोलले नव्हते.

ताईंनी ती ओळ खोडली. खोडताना त्यांच्या लक्षात आले की ही ओळ घाईत लिहिलेली नाही. अक्षर सावकाश आणि नीट होते, कोणी मुद्दाम थांबून थांबून सांगावे आणि आपण लिहून घ्यावे तसे.

समिती ज्या कराराचा आढावा घेत होती तो बारा वर्षांपूर्वीचा होता. शेजारपाजारच्या अकरा देशांनी एकमेकांच्या मालावरची जकात उठवायची, असा तो प्रादेशिक मुक्त व्यापार करार. सरकारने सह्या केल्या आणि चौदाशे पानांचा गठ्ठा सभागृहाच्या टेबलावर ठेवला. करार करणे हे सरकारचे काम. सभागृहाने एकवीस दिवसांत हरकत घेतली नाही तर संमती दिली असे मानायचे, अशी पद्धत होती. गठ्ठे छापून यायलाच अठरा दिवस लागले. दर बारा वर्षांनी आढावा घ्यायचा होता आणि त्या आढाव्याचा नियम एका ओळीचा होता. मूळ चर्चेत ज्या परिशिष्टावर एखाद्या तरी सदस्याची हरकत नोंदलेली असेल, तेवढेच पुन्हा उघडता येईल. बाकीची परिशिष्टे आणखी बारा वर्षे जशीच्या तशी राहतील.

नवव्या परिशिष्टात काचेच्या वस्तू होत्या. काचेच्या नळ्या आणि काचेचे मणी यांच्यामध्ये काचेचे तापमापक होते. ताईंचा धाकटा भाऊ तापमापक बनवत असे.

घरी पोहोचल्या तेव्हा भाऊ ओट्याशी उभा राहून बर्फाचा चुरा करत होता. शेडमधले काम तो कधीकधी घरी आणायचा. नवा तापमापक बर्फात बुडवायचा, पारा जिथे थांबेल तिथे शून्याची खूण करायची, मग वरच्या रेघा. पूर्वी तो पाचशे कामगारांच्या कारखान्यात हेच करत असे. करारानंतर चौथ्या वर्षी तो कारखाना बंद पडला आणि त्या जागी बाहेरून येणाऱ्या मालाचे गोदाम उभे राहिले. उरलेल्या अकरा जणांनी एक शेड घेतली होती आणि प्रयोगशाळांना लागणारे तापमापक ते तिथे हाताने करत होते. ज्या भावात ते काच विकत घेत, त्या भावात बाहेरचा तयार तापमापक मिळत होता. आणखी बारा वर्षे सोडाच, आणखी एक वर्षही शेड तग धरणार नव्हती.

“निघालं का आमचं नाव तुमच्या समितीत?” त्याने मान वर न करता विचारले.

“अजून आठवंच परिशिष्ट चाललंय.”

“नववं उघडेल ना?”

ताई हातपाय धुवायला गेल्या. परत आल्या तर तो त्यांच्याकडेच पाहत होता.

“काय गं, चेहरा असा का? ताप आहे का?”

“ताप कसला. थकलेय.”

त्याने ऐकले नाही. डब्यातला तापमापक झटकून त्यांच्या जिभेखाली ठेवला, दोन मिनिटांनी दिव्याकडे धरून पाहिला आणि म्हणाला, “काही नाही. अगदी बरोबर.” मग पुन्हा बर्फाकडे वळत, कामाबद्दल बोलावे तसा तो बोलत राहिला. “शून्य बरोबर आला की बाकीचं बिनघोर बघ. शून्यच चुकला तर वर कितीही बारीक रेघा मारा, सगळ्या खोट्या.”

ताप असता तर बरे झाले असते असे ताईंना वाटले.

पुढच्या सोमवारी ओळ पुन्हा आली. या वेळी ती लांब होती. ‘अध्यक्ष महोदय, परिशिष्ट नऊला माझी हरकत आहे. चौदाशे पानं शुक्रवारी संध्याकाळी हातात दिलीत आणि’. ताईंना लिहिल्याचे आठवत नव्हते. त्यांना एवढेच आठवत होते की साडेअकराला कोर्टवाली शेजारी येऊन बसली, तिची पेन्सिल कागदाला लागली आणि आपण आपली उचलली. त्याच वेळी समोरच्या रांगेतल्या टोकाच्या रिकाम्या खुर्चीपुढचा ध्वनिवर्धक लागला होता. त्याचा लाल दिवा त्यांनी पाहिला होता. बैठकीनंतर त्यांनी वायरमनला विचारले.

“ती खुर्ची? तिची तार काढून ठेवलीय ताई, दोन वर्षं झाली. तिथं कोणी बसत नाही.”

कोर्टवालीने आता हसणे सोडून दिले होते. “हे वाक्य कोणाचंय ते तुम्हाला ठाऊक आहे,” ती म्हणाली. ती पंधरा वर्षे न्यायालयात साक्षी उतरवून इकडे बदलून आली होती. माणूस काय लपवतो हे तिला त्याच्या गप्प बसण्यावरून कळत असे.

ताईंना ठाऊक होते. आवाजही ठाऊक होता.

त्या सदस्याला सगळे हरकतराव म्हणत. कोणत्याही पक्षात नसलेला, एकटा निवडून येणारा, दर विषयाला उठून हरकत घेणारा म्हातारा माणूस. सभागृहात त्याचे हसे होत असे आणि त्याला त्याची सवय झाली होती. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी सदस्यांनी येऊन आपल्या बोलण्याची प्रत तपासायची आणि समासातल्या चौकटीत सही करायची, असा नियम आहे. बहुतेक जण चिठ्ठी पाठवून मोकळे होतात. हरकतराव स्वतः येत. पाहुण्यांच्या टेबलाशी बसत, प्यायला पाणी मागत, अर्धे पीत, आणि लाल पेन्सिलीने काहीतरी चूक काढतच. स्वल्पविराम तरी. इतक्या वर्षांत ‘बरोबर आहे’ असे त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

बारा वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारीही साडेअकराच वाजले होते. हरकत घेण्याचा तो एकविसावा दिवस होता. ताईंची पाळी संपत होती आणि मास्तर, म्हणजे ज्यांनी ताईंना लघुलिपी शिकवली ते, त्यांच्या जागी येत होते. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते की आपली पेन्सिल उचलली की कान मिटायचे, नाहीतर एकच वाक्य दोन वह्यांत येते. पण त्यासाठी पुढच्याची पेन्सिल कागदाला लागेपर्यंत थांबायला हवे. त्या दिवशी मास्तरांच्या पेन्सिलीचे टोक मोडले. त्यांनी खिशातून दुसरी काढली. तेवढ्यात ताईंनी आपली उचलली होती. मधल्या अर्ध्या मिनिटात हरकतराव उठले आणि बोलले. ताईंनी ते ऐकले, शब्द न् शब्द ऐकले, आणि मास्तर लिहीत असतील असे समजून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी हरकतराव प्रत तपासायला आले. पाने पुढे उलटली, मागे उलटली.

“बाई, माझं वाक्य?”

“माझ्या पाळीत नाही,” ताई म्हणाल्या. वही दाखवली. मास्तरांनीही आपली दाखवली. “माझ्याही पाळीत नाही.”

दोघेही खरे बोलत होते. त्या वेळी ताईंना एवढेच सुचले की आपल्याकडून शब्द सुटला असे कोणी म्हणता कामा नये. तोंडातून ‘नाही’ गेले ते गेलेच, आणि तेच खरे आहे असे रात्रीपर्यंत त्यांनी स्वतःला पटवलेही. काचेचे तापमापक कोणत्या परिशिष्टात आहेत हे त्यांना चार वर्षांनी कळले, भाऊ डबा घेऊन भरदुपारी घरी परत आला तेव्हा.

हरकतरावांनी त्या दिवशी लाल पेन्सिल खाली ठेवली होती. “असू दे,” ते म्हणाले होते. “बारा वर्षांनी आढावा आहे ना? तेव्हा येतो.”

दोन वर्षांपूर्वी ते गेले. सभागृहात सगळे उभे राहिले आणि ताईंनी वहीत लिहिले, ‘सदस्य एक मिनिट स्तब्ध उभे राहिले.’

बुधवारी ताईंनी अर्धी रजा टाकली आणि अभिलेख कक्षात जाऊन बारा वर्षांपूर्वीचा छापील खंड काढला. त्या काळी सभागृहाचे ध्वनिमुद्रण होत नसे, तेव्हा छापलेले तेवढेच खरे. पान सापडले.

‘अध्यक्ष : परिशिष्ट नऊ. कोणाची हरकत?

(हशा)

अध्यक्ष : बरं, बरं. हरकत नाही. संमत मानण्यात येत आहे.’

ताई त्या हशाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग खंड मिटून तिथूनच मास्तरांकडे गेल्या.

दार सुनेने उघडले. “मोठ्यानं बोलून उपयोग नाही हं ताई,” ती म्हणाली. “सहा वर्षं झाली, कान पार गेलेत. लिहून दाखवा.”

मास्तर खिडकीशी बसले होते. मागच्या भिंतीवर निरोपसमारंभातली पाटी होती. सदतीस वर्षांची निर्दोष सेवा. ताईंनी कागद घेतला आणि लघुलिपीत लिहिले, ‘नववे परिशिष्ट. हशा तुम्ही लिहिलात.’

मास्तरांनी वाचले. ज्यांना ऐकू येत नाही ते बोलतात तसे ते फार मोठ्याने बोलले. “हो. पेन्सिल टेकली तेव्हा सगळे हसत होते. हरकतराव खाली बसत होते. जे ऐकलं ते लिहिलं.”

‘त्या आधीचे?’

“ते तुझ्या वहीत असेल असं वाटलं.”

‘दुसऱ्या दिवशी कळले ना, नाही म्हणून?’

सून स्वयंपाकघरात गेली तशी मास्तरांनी तिकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. तो फारसा खाली आला नाही.

“कान गेल्यापासून मला काही ऐकू येत नाही. नातू रडलेला नाही, दाराची घंटा नाही. पण तेवढं एक वाक्य येतं. दर सोमवारी, साडेअकराला. मी घड्याळ बघणं सोडलंय. वाक्य आलं की समजतो, साडेअकरा झाले.” त्यांनी ताईंचा हात धरला. “तुलाही येतं?”

ताईंनी होकारार्थी मान हलवली. मग दप्तरातून शुद्धिपत्र काढले. छापील मजकुरात दुरुस्ती करायची तर शेजारच्या दोन्ही पाळ्यांच्या प्रतिवेदकांनी त्यावर सही करायची असते. बारा वर्षांपूर्वीच्या हरकतीचे वाक्य त्यांनी त्यावर लिहून आणले होते.

मास्तरांनी ते वाचले आणि मागच्या पाटीकडे वळून पाहिले. “आता कशाला उकरतेस? माझं काय राहिलंय, पण तुझे पाच महिने आहेत. चांगल्या नावानं घरी जा की.”

ताईंनी लिहिले, ‘अकरा माणसे आहेत. एक माझा भाऊ.’

मास्तरांनी पेन्सिल मागितली आणि सही केली. सही झाल्यावर सुनेला हाक मारून ते म्हणाले, “ती पाटी काढ गं. खिळा सैल झालाय.” खिळा चांगला घट्ट होता.

समितीचा सचिव सभ्य माणूस होता. त्याने शुद्धिपत्र दोनदा वाचले, दार लावून घेतले आणि मगच बोलला.

“ताई, तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर मी हे फाडून टाकलं असतं.”

“फाडू नका.”

“सही दोघांची आहे, मान्य. पण तिसरी कुठाय? ज्याचं वाक्य, त्या सदस्यानं तपासून सही करायला हवी. नियमच आहे तुमच्या खात्याचा.”

“ते गेलेत.”

“मग मी काय करू सांगा. उद्या कोणीही उठेल आणि मेलेल्या सदस्याच्या तोंडी चार वाक्यं घालेल. भाऊ तुमचा त्याच धंद्यात. लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतील या एका भीतीपायी तर बारा वर्षे गेली होती. सचिवाने कागद प्रलंबितच्या फाइलीत ठेवला आणि त्यांना चहा विचारला.

पुढच्या सोमवारी समिती नवव्या परिशिष्टापाशी आली. व्यापार खात्याचा अधिकारी टेबलाच्या एका बाजूला बसला होता, सदस्य दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये छोट्या मेजाशी ताई. प्रतिवेदकाने समितीत असायचे ते नसल्यासारखे. तो मान वर करत नाही, हसत नाही, शिंकही दाबतो. एकतीस वर्षांत ताईंनी त्या इमारतीच्या कोणत्याही सभेत तोंडातून शब्द काढला नव्हता.

“करार हा सरकारचा विषय आहे,” अधिकारी सांगत होता. “सभागृहाला वेळोवेळी माहिती दिली जाते.”

“माहिती देणं वेगळं आणि विचारणं वेगळं,” अध्यक्ष बाई म्हणाल्या. “तुम्ही आम्हाला लग्न ठरल्याचं सांगता आणि म्हणता, मुलगी दाखवली.”

सदस्य हसले. ताईंनी लिहिले, ‘हशा’.

“बरं. परिशिष्ट नऊ. मूळ चर्चेत कोणाची हरकत नोंदलेली आहे का?”

सचिवाने समोरचा खंड उघडला, क्षणभर ताईंकडे पाहिले आणि म्हणाला, “नोंद नाही.”

“म्हणजे उघडता येत नाही. पुढचं घ्या.”

कोर्टवाली शेजारी येऊन बसली. साडेअकरा वाजले होते. टोकाच्या रिकाम्या खुर्चीपुढचा लाल दिवा लागला. ताईंनी आजूबाजूला पाहिले. तो कोणालाच दिसत नव्हता, नाहीतर दिसूनही कोणाला त्याचे काही वाटत नव्हते. खोलीत गार झाले होते. त्यांच्या बोटांतली पेन्सिल आपोआप कागदावर चालायला लागली होती, सावकाश, नीट, आणि त्या हाताकडे त्या दुसऱ्याच कोणाचा हात असावा तशा पाहत होत्या. हे वाक्य पुरे होईल, आपण ते खोडू, आणि पुढच्या सोमवारी दहावे परिशिष्ट सुरू होईल. भाऊ विचारील आणि आपण हातपाय धुवायला जाऊ.

ताईंनी पेन्सिल उचलली.

“हरकत आहे,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना वळल्या. मेजच बोलले असते तरी सदस्य इतके दचकले नसते.

“कोण बोललं?” अध्यक्ष बाईंनी विचारले.

“मी, प्रतिवेदक. बारा वर्षांपूर्वी त्या मिनिटाला माझी पाळी संपत होती. हरकत घेतली गेली होती. मी ती ऐकली आणि लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी सदस्य विचारायला आले, तेव्हाही मी गप्प राहिले. चूक माझी आहे. माझा भाऊ तापमापक बनवतो, तेही सांगून ठेवते.”

“ताई, बसा खाली,” सचिव हलकेच म्हणाला.

“खंडात त्या जागी हशा छापलाय,” ताई म्हणाल्या. एकही शब्द सुटत नव्हता. “बघा ना. अध्यक्ष विचारतात, कोणाची हरकत, आणि एकदम हशा. ‘कोणाची हरकत’ यात हसण्यासारखं काय आहे? कोणीतरी काहीतरी बोलल्याशिवाय अख्खं सभागृह हसत नाही.”

सचिवाने खंड अध्यक्ष बाईंपुढे सरकवला. त्यांनी वाचले. आणखी एकदा वाचले.

“काय बोलले होते?” त्यांनी विचारले.

ताईंनी डोळे मिटले आणि सांगितले. “अध्यक्ष महोदय, परिशिष्ट नऊला माझी हरकत आहे. चौदाशे पानं शुक्रवारी संध्याकाळी हातात दिलीत आणि सोमवारी विचारता, हरकत आहे का. आम्ही इथे करार तपासायला निवडून आलोय की खुर्च्या उबवायला? तापमापकसुद्धा बाहेरून आणायचा ठरलं, मग ताप तेवढा घरचा का ठेवता?”

कोणी हसले नाही. अधिकाऱ्याने आपले कागद सारखे केले. अध्यक्ष बाई टोकाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

“ताप घरचा,” त्या म्हणाल्या. “मी तेव्हा पहिल्यांदाच निवडून आले होते. मागच्या बाकावर होते. गठ्ठा मी उघडलासुद्धा नव्हता.” त्या थांबल्या. “मी हसले होते. सगळे हसले म्हणून हसले. आज तुम्ही सांगेपर्यंत कशाला हसलो ते आठवत नव्हतं.”

त्यांनी दुसऱ्या बाजूच्या एका जुन्या सदस्याकडे पाहिले. त्याने मान खाली घातली आणि मग होकारार्थी हलवली.

“सचिव, शुद्धिपत्र आहे का?”

“आहे. सदस्याची सही नाही.”

“ऐकणाऱ्यांच्या घ्या. माझी घ्या. परिशिष्ट नऊ उघडण्यात येत आहे. त्या धंद्यातल्या लोकांना साक्षीला बोलवा.”

ताईंनी कोर्टवालीकडे पाहिले. तिची पेन्सिल चालू होती. न्यायालयात कोण बोलले आणि त्याला बोलायची परवानगी होती का, हे बघत बसत नाहीत. जे कानावर पडते ते उतरवतात. लाल दिवा विझला होता.

दुपारी सचिवाने ताईंना बोलावले. त्याला वाईट वाटत होते आणि ते त्याने बोलूनही दाखवले. समितीत मध्येच बोललेल्या आणि नोंद लपवलेल्या प्रतिवेदकाला पुन्हा सभेत बसवता येत नव्हते. उरलेले पाच महिने त्यांनी सूचीच्या खोलीत जुन्या खंडांना अनुक्रमणिका लावायची. निरोपसमारंभाचे बघू, असे तो म्हणाला.

घरी भावाने सगळे ऐकून घेतले. हातातला तापमापक त्याने जपून कापसात ठेवला.

“म्हणजे जकात लागणार?”

“ते नाही माहीत. चर्चा होणार. तुम्हाला बोलावतील.”

“मला?”

“तुलाच. खुर्चीत बसून सांगायचं, काय झालं ते.”

“आणि तू लिहिणार?”

“मी नाही. कोर्टवाली लिहील. हात चांगला आहे तिचा, पण तू पुटपुटतोस. नीट बोल.”

ती चूक बारा वर्षे त्याच घरात, त्याच टेबलाशी जेवत होती, हे भावाला आता कळत होते. ताईंना वाटले, हा उठून जाईल. तो उठला, ताट मांडले आणि त्यांच्यापुढे सरकवले.

“मला आधी सांगायचंस,” एवढेच म्हणाला.

“हो,” ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपला खण रिकामा करायला गेल्या. कोर्टवाली लवकर आली होती. ताईंनी टोके काढलेल्या पेन्सिलींचा डबा तिच्यापुढे ठेवला, जुन्या वह्या खोक्यात भरल्या, चष्म्याचे रिकामे घर भरले.

“ताई, एक राहिलं,” कोर्टवाली म्हणाली. “नऊ वाजता एक सदस्य येऊन गेले. वयस्कर होते. मी इकडे नवीन, मला नाव नाही सांगता येणार. म्हणाले, माझी प्रत दाखवा. कुठली म्हणून विचारेपर्यंत त्या टेबलाशी जाऊन बसलेसुद्धा.”

पाहुण्यांच्या टेबलावर कालच्या बैठकीचा टंकलेला मजकूर होता. खुर्ची मागे ओढलेली होती.

“पाणी मागितलं, ते दिलं,” कोर्टवाली सांगत होती. “अख्खं पान वाचलं. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढणार.”

“काय काढली?” ताईंनी विचारले.

“काही नाही. उठताना म्हणाले, बाईंना सांगा, बरोबर आहे.”

ताई टेबलाजवळ गेल्या. समासातली चौकट सचिवाने रिकामी सोडायला सांगितली होती. तिच्यात आता लाल पेन्सिलीची छोटी सही होती, शेवटचे अक्षर खाली ओढलेले. शेजारी पाण्याचा पेला होता, अर्धा.

ताईंनी खुर्ची टेबलाखाली सारली, उरलेले पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतले आणि पेला विसळून जागेवर पालथा घातला. मग खोके उचलून त्या सूचीच्या खोलीकडे निघाल्या.